डाव कौशल्याचा, नफा कोणाचा?

गौरी-गणपतीच्या दिवसांत कोकणातली रात्र झोपण्यासाठी नसते. पेण तालुक्यात तर नाहीच नाही. ज्या पेणच्या कारखान्यांतून दूरदूरच्या घरांत मूर्ती जातात, त्याच तालुक्यातल्या गडब-वडखळकडच्या गावांत या दिवसांत मुंबईची माणसे आपापल्या घरी परततात. महामार्गावरची गाड्यांची रांग संपता संपत नाही. संध्याकाळची आरती होते, भजनी मंडळ या घरातून त्या घरात जाते, चहाच्या किटल्या फिरतात आणि मग जागरणासाठी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. मुलांचा झब्बू, मधल्या वयाच्यांची मेंढीकोट आणि जाणत्यांची रमी. मध्यरात्र उलटली, की कोणीतरी हळूच पॉइंटला रुपया लावण्याची टूम काढतो आणि माजघरातून आजीचा निषेध येतो. देवासमोर जुगार नको, असे तिचे म्हणणे. नातवाचे उत्तर तयार असते: तीन पत्ती हा जुगार, रमी हा डोक्याचा खेळ. दोघेही आपापल्या जागी ठाम.

हा वाद घरगुती दिसतो खरा. पण तो एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, काही आठवडे राष्ट्रपतिपदाचा भार त्यांनी वाहिला आणि नंतर ते उपराष्ट्रपतीही झाले. त्यांचे नाव मोहम्मद हिदायतुल्ला. मोठमोठ्या घटनात्मक खटल्यांमुळे हे नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचे राहिले. पण सामान्य माणसाच्या घरात, नकळत का होईना, सर्वांत जास्त शिरला तो त्यांचा पत्त्यांवरचा छोटासा निकाल. आजीचे बरोबर की नातवाचे, हे त्या निकालात आहे. मात्र तो शेवटपर्यंत वाचावा लागतो.

नागपूरचे दिवस

हिदायतुल्ला यांचा जन्म १९०५ सालचा. वडील खान बहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्ला हे मध्य प्रांतात सरकारी अधिकारी होते आणि उर्दूत कविता लिहीत. घरात भाषेचा संस्कार होता, शिस्तही होती. रायपूरच्या सरकारी शाळेतून शालेय शिक्षण संपवून मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आला. हे कॉलेज आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. १९२६ मध्ये तिथून पदवी घेऊन ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३० मध्ये परत येऊन त्यांनी वकिलीसाठी नागपूरच निवडले.

त्या वेळचे नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांचे खटले, जमिनीचे आणि वतनांचे वाद, सरकारी कचेऱ्या यांनी गजबजलेले शहर. तरुण बॅरिस्टर नगरपालिकेवर निवडून आला, पुढे नागपूर सुधार प्रन्यासावरही होता. वकिलीच्या जोडीला १९३५ पासून त्यांनी विधी महाविद्यालयात शिकवायला सुरुवात केली. कायदा समजावून सांगण्याची, किचकट गोष्ट सोपी करून मांडण्याची त्यांची हातोटी या वर्गातली असावी. त्यांचे निकाल वाचताना वकिलापेक्षा शिक्षक बोलतो आहे, असे पुष्कळदा वाटते.

१९४३ मध्ये ते प्रांताचे अॅडव्होकेट जनरल झाले. वय अवघे सदतीस. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि घराचीही. थोरले बंधू मोहम्मद इक्रमुल्ला आय.सी.एस. अधिकारी होते. ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे परराष्ट्र सचिव झाले. धाकटा भाऊ नागपुरात आपल्या खुर्चीवर बसून राहिला. १९४८ मध्ये, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी विवाह केला. एका घरातले दोन भाऊ दोन देशांच्या सेवेत, असे चित्र त्या काळी दुर्मीळ नव्हते. पण त्यातला एक देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसावा, हे विरळाच.

१९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. दोनच वर्षांनी राज्यपुनर्रचना आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले आणि हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. १ डिसेंबर १९५८ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले.

कोड्यांचे वेड

ते दिल्लीला पोहोचण्यापूर्वीच कौशल्य आणि जुगार यांच्या सीमारेषेवरचा पहिला मोठा खटला मुंबईने देशाला दिला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे वेड पसरले होते. कोडे सोडवायचे, प्रवेश फी भरायची आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. सुशिक्षित माणसाला यात कमीपणा वाटत नसे; उलट शब्दसंपत्तीची परीक्षा दिल्याचे समाधान मिळे. गोम होती ती कोड्याच्या घडणीत. अशा कोड्यांत एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसत. दोन्ही अर्थाने बरोबर, दोन्ही अक्षरांनी नेमके. त्यांतला खरा कोणता, हे शब्दकोश सांगू शकत नसे. ते संयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तरावर अवलंबून असे. म्हणजे डोके चालवायचे कोड्याच्या निम्म्यापर्यंत आणि पुढे नाणे उडवायचे.

आर. एम. डी. चमारबागवाला यांचे असे कोडे बंगलोरहून निघणाऱ्या स्पोर्टिंग स्टार या पत्रात येई आणि त्याच्या प्रवेशिका मुंबई राज्यातूनही मोठ्या संख्येने जात. मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला होता; १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही त्याच्या कक्षेत आणले. उच्च न्यायालयात सरकार हरले. मग ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे, असे तत्त्व त्या दिवशी ठरले. त्याबरोबर दुसरेही ठरले: ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारात मोडत नाही. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांवर बंदी आणली होती. ती बंदीही केवळ नशिबाच्या स्पर्धांपुरती आहे, असे न्यायालयाने सांगितले.

तत्त्व ठरले, पण मोजपट्टी कोणाच्या हाती नव्हती. कौशल्य किती असले म्हणजे पुरे? नशीब किती चालेल? दहा वर्षांनी हा प्रश्न हिदायतुल्ला यांच्यासमोर आला, तो पत्त्यांच्या रूपाने.

रेघ ओढणारा न्यायाधीश

त्याआधी त्यांनी अशा बऱ्याच रेघा ओढल्या होत्या. मुंबईच्या एका पुस्तकाच्या दुकानात लॉरेन्सची लेडी चॅटर्ली ही कादंबरी विकली म्हणून खटला झाला, तेव्हा १९६४ मध्ये कला आणि अश्लीलता यांच्यामधली रेघ त्यांनीच ओढली. विक्रेत्याची शिक्षा कायम झाली आणि त्या निकालावर साहित्यिकांनी पुढे भरपूर टीका केली. १९६६ मध्ये मुंबईच्याच मिरजकर खटल्यात मात्र ते विरुद्ध टोकाला एकटे उभे राहिले. उच्च न्यायालयात उघडपणे चाललेल्या साक्षीची बातमी छापू नये, या आदेशाला पत्रकारांनी आव्हान दिले होते. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांसह नऊ न्यायाधीशांच्या पीठाचे बहुमत आदेशाच्या बाजूने गेले. विरोधात मत देणारे हिदायतुल्ला एकटेच होते. माणूस कोणत्या एका गटाचा नव्हता. प्रत्येक प्रश्नात रेघ कुठे पडते, हे तो स्वतःच्या डोक्याने ठरवी.

१९६३ च्या मे महिन्यात सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी धाड घातली. काही सभासद पैसे लावून रमी खेळत होते. खेळणारे आणि क्लब चालवणारे यांच्यावर हैदराबादच्या जुन्या जुगार कायद्याखाली खटला भरला गेला. खालच्या न्यायालयात शिक्षा, उच्च न्यायालयात सुटका आणि मग सरकारचे अपील, असा प्रवास करीत तो दिल्लीत आला. रक्कम किरकोळ, आरोपी सामान्य. असा खटला दोन ओळींत निकालात काढता आला असता. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी हिदायतुल्ला यांनी तो नीट उलगडून लिहिला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. पत्ते पिसले आणि वाटले, की प्रत्येक खेळात नशिबाचा अंश आलाच. ब्रिजमध्येही तो असतो. हाती कोणते पान येईल हे कोणाला ठाऊक? तरी ब्रिजला कोणी जुगार म्हणत नाही. रमीचेही तसेच. समोरच्याने कोणते पान टाकले, कोणते उचलले हे लक्षात ठेवावे लागते, त्यावरून त्याच्या हातातली मांडणी ओळखावी लागते, आपले पान कधी धरावे आणि कधी सोडावे हे ठरवावे लागते. जो हे नीट करतो तो दहा डावांत जास्त वेळा जिंकतो. तीन पत्तीत असे काही नाही. तिथे आलेली पाने पाहायची आणि पैसे लावायचे. म्हणून रमीत कौशल्याचे पारडे जड आहे आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाची. ज्याने गावात चार रात्री रमी खेळली आहे, त्याला हे न्यायालयाने सांगायची गरज नाही. पण कायद्याला ते पहिल्यांदा इतक्या सोप्या शब्दांत सांगितले गेले.

निकालाचा हा पहिला भाग. नातू जिंकला, असे इथपर्यंत वाटते.

दुसरा भाग दोन-चार वाक्यांचाच आहे. रमी खेळणे हा गुन्हा नाही. पण त्या खेळावर दुसऱ्या रीतीने जुगार चालत असेल, किंवा ज्याच्या जागेत खेळ चालतो तो मालक त्या डावांतून नफा काढीत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. क्रेसेंट क्लबने सभासदांकडून बसण्याचे शुल्क घेतले होते, ते योग्य का? क्लबला पत्ते आणावे लागतात, जागा, दिवाबत्ती, नोकर पाहावे लागतात. त्यासाठी माफक शुल्क घेतले तर तो नफा नव्हे. पण शुल्क जबर झाले, डावामागून पैसा काढणे हाच धंदा झाला, तर गोष्ट वेगळी. क्लब सुटला तो रमीमुळे, आणि तितकाच आपल्या माफकपणामुळे.

हा विचार नवा नव्हता. आपल्याकडच्या १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत आणि अड्ड्याची व्याख्या करताना मालकाच्या नफ्याकडे बोट दाखवलेले आहे. जुगारात खेळणारा कधी जिंकतो, कधी हरतो. अड्ड्याचा मालक कधीच हरत नाही. हिदायतुल्ला यांनी बोट ठेवले ते नेमके या न हरणाऱ्या माणसावर.

खुर्च्या बदलल्या, माणूस नाही

या निकालानंतर तीनच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९६८ रोजी, ते सरन्यायाधीश झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुस्लिम. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले, उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडले आणि २० जुलैपासून राष्ट्रपतिपदाचा भार सरन्यायाधीशांवर आला. तो २४ ऑगस्टपर्यंत होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात आले, तेव्हा यजमान म्हणून त्यांचे स्वागत हिदायतुल्ला यांनी केले. याच काळात बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर त्यांची सही झाली. पुढे तोच कायदा सर्वोच्च न्यायालयात तपासणीसाठी आला, तेव्हा ते त्या पीठावर बसले नाहीत. आपणच सही केलेल्या कागदावर आपणच न्याय करायचा नाही, हा साधा नियम. डाव मांडणाऱ्याने त्यावर पंच होऊ नये, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीतही पाळले.

१९७० च्या सप्टेंबरात मुंबईचे के. ए. अब्बास यांच्या माहितीपटावरून चित्रपट सेन्सॉरचा निकाल त्यांनी दिला आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबरला, संस्थानिकांच्या तनख्यांचा. १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि १९८४ पर्यंत त्या पदावर राहिले. १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले असताना पुन्हा काही आठवडे राष्ट्रपतिपदाचे काम त्यांच्याकडे आले. आयुष्याची कहाणी त्यांनी माय ओन बॉसवेल या आत्मचरित्रात सांगितली. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या रायपुरात ते शाळेत गेले, तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

अर्धा निकाल

न्यायमूर्ती गेले, निकाल राहिला. पण तो अर्धाच प्रवासाला निघाला. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचे पारडे जड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यानंतर मोबाइल आला आणि पत्त्यांचा कॅट त्याच्या पडद्यात गेला. रमी कौशल्याची, हे १९६७ चे वाक्य कंपन्यांच्या वकिलांनी न्यायालयांत वारंवार मांडले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे काल्पनिक संघ बनवण्याचा पैशाचा खेळही कौशल्याचा ठरवला. जाहिरातींत नावाजलेले चेहरे आले. कौशल्य या एका शब्दाने खेळाला अब्रू दिली आणि अब्रूबरोबर गिऱ्हाईकही.

मालकाच्या नफ्याविषयीची ती दोन-चार वाक्ये मात्र जाहिरातीत आली नाहीत. गणपतीत रमीचा डाव मोडला, की हरलेल्याचे पैसे फार तर चुलतभावाच्या खिशात जातात आणि सकाळी त्याचीच भजी येतात. मोबाइलवरच्या प्रत्येक पैशाच्या डावातून कंपनीचा वाटा आधी बाजूला निघतो. खेळणारे जितके जास्त खेळतील तितका तो वाढतो. इथे मालक झोपत नाही, क्लब बंद होत नाही, समोरचा माणूस दिसत नाही आणि हरलेला पैसा वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा की मुलीच्या फीचा, हे विचारणारी आजी माजघरात बसलेली नसते. हरणारा मात्र स्वतःला जुगारी समजत नाही. आपले कौशल्य अजून कमी पडते, असे समजून तो पुढचा डाव मांडतो. जुगाराला जुगार म्हटले तर माणूस लाजून तरी उठतो. कौशल्य म्हटले की तो सरावाला बसतो.

अनेक घरांनी या सरावाची किंमत मोजली. राज्यांनी बंदी घातली, काही न्यायालयांनी ती रद्द केली आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव थांबवले आणि कायद्याला आव्हानही दिले गेले. न्यायालयीन वाद आपल्या वाटेने जाईल. पण कौशल्य की नशीब, या एकाच प्रश्नावर साठ वर्षे घोळत राहिलेल्या कायद्याने ती रेघच पुसली, हे कशामुळे झाले, याचा विचार करायला हवा. रेघ चुकीची नव्हती. तिच्या दोन टोकांपैकी एकच टोक सर्वांनी धरून ठेवले होते.

बक्षिसाची, फीची, पैज लावायची कुठलीही स्पर्धा घरात आली, मग ती गावच्या मैदानातली असो, वर्तमानपत्रातले कोडे असो किंवा मोबाइलवरचा डाव असो, तर पहिला प्रश्न असा असावा: यात जो जास्त शिकतो तो खरोखर जास्त जिंकतो का? तो विचारून झाला, की दुसरा लगेच विचारावा: आम्ही सगळे खेळत राहिलो तर पैसा शेवटी कोणाकडे साठतो? पहिल्या प्रश्नाने रमी सुटते. दुसऱ्या प्रश्नाने अड्डा ओळखता येतो. नागपूरच्या वर्गात कायदा शिकवणाऱ्या त्या शिक्षकाने दोन्ही प्रश्न एकाच कागदावर लिहून ठेवले होते.